मानेमागची जट

माझे केस सरळ आहेत असं सासरी सगळ्यांना वाटायचं आणि मी ते वाटू दिलं होतं. खोटं बोलले नव्हते. कुणी विचारलंच नव्हतं. लग्नात सासरच्या, बेंगळुरूतल्या जयनगरच्या बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवून "कल्पना, सून अगदी रेशमी केसांची आणलीस हं," म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी ते केस जणू स्वतःच कातले असावेत अशी मान डोलावली. मी खाली बघितलं. फोटोत ते छान आलंय. नवरी लाजते तशी लाजलेली दिसते मी; खरं तर हॉलमधल्या दमट हवेनं मुळांशी एखादं वळण उठलं तर काय, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला होता.

माझे केस मुळात कुरळे. कुरळे म्हटल्यावर कपाळावर रुळणारी नाजूक बट डोळ्यांपुढं आणू नका. आमचं कुरळं म्हणजे फणीचे दात मोडणारं, पाणी लावलं तरी न बसणारं. निपाणीत शाळेतली पोरं मला 'काथ्या' म्हणायची. माझी आई, चंपा, रोज सकाळी मला दोन्ही गुडघ्यांत धरून डोक्यावर खोबरेल ओतायची आणि दोन वेण्या अशा ताणून घालायची की माझ्या भुवया दिवसभर आश्चर्य वाटल्यासारख्या वर असायच्या. वडिलांना, अप्पांना, तंबाखूच्या वखारीत जायला उशीर होत असला तरी त्यांची भाकरी थांबायची, माझी वेणी नाही. केस मोकळे सोडायची मला बंदी होती, अगदी न्हाल्यावरसुद्धा. मी रडायचे, मनातल्या मनात तिला शिव्या द्यायचे. तिलाही माझ्या केसांची लाज वाटते असंच मी धरून चालले होते.

बेळगावला इंजिनिअरिंगला असताना मी पार्लरमध्ये जाऊन पहिल्यांदा केस सरळ करायचं स्मूदनिंग करून घेतलं. सुट्टीत घरी गेले तर आई दारातच थबकली. तिनं माझे केस हातात घेतले, बोटांतून सोडले, परत घेतले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आता काय भ्या न्हाई," म्हणाली. मला वाटलं, माझ्या लग्नाची भीती म्हणतेय. त्यानंतर मुळं वाढली की पार्लर, हे सुरू झालं ते सुरूच राहिलं. बेंगळुरूला नोकरी लागली, अभिजीतशी लग्न झालं, महादेवपुऱ्यात फ्लॅट घेतला, तरी मुळं वाढली की पार्लर.

मग गेल्या वर्षी एका पार्लरमधल्या मुलीनं ते सरळ करायचं क्रीम माझ्या डोक्यावर थापलं आणि फोनवर बोलत बसली. टाळू भाजली. खपल्या धरल्या, आणि आंघोळ केली की मोरीच्या जाळीवर मूठभर केस. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून बघून सांगितलं, "आता हे बंद. डोक्यावर केस ठेवायचे असतील तर कायमचं बंद."

बंद केलं. मग जे उगवलं ते अर्थातच आमचं निपाणीचं. वर मेंढी आणि खाली केरसुणी. जिथं कुरळं संपून सरळ सुरू होतं तिथं केस इतका नाजूक की तिथंच तुटायचा आणि तिथंच गुंतायचा. अभिजीत म्हणाला, "अगं, सिंपल आहे. सरळ भाग कापून टाक. शॉर्ट हेअर छान दिसतील तुला." बरोबर होतं त्याचं. पण नवऱ्याचं बरोबर असणं हीच कधीकधी संतापाची बाब असते. कापले असते तर सगळ्यांना एकदम कळलं असतं. न कापता मला ते अंबाड्यात, स्कार्फात लपवता येत होते. एसीनं सर्दी होते असं सांगून मी रविवारी जयनगरला सासरी जेवायलासुद्धा डोकं बांधून जात असे. सासूबाई आल्याचा काढा करून द्यायच्या आणि मी तो सर्दी नसताना नाक ओढत प्यायचे.

माझ्या टीममध्ये स्मृती नावाची मुलगी आहे, स्वतः कुरळी आणि त्याचा अभिमान बाळगणारी. तिनं एकदा लिफ्टमध्ये माझ्या स्कार्फाखालून डोकावणारी वळणं पाहिली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "ट्रान्झिशन करतेयस? वॉव, सो ब्रेव्ह!" सरळ करणं सोडून मूळचे कुरळे वाढू देणं, याला त्यांच्यात ट्रान्झिशन म्हणतात. लिफ्टमधल्या माना वळल्या. मी म्हटलं, "छे गं, केस धुवायला वेळ नाही झाला." घाणेरडी म्हणवून घेणं मला चाललं, कुरळी म्हणवून घेणं नाही. ब्रेव्ह कसली डोंबलाची!

एवढं सांगितलं ते यासाठी की, मला ताप आला तेव्हा माझ्या डोक्याची काय अवस्था होती ते कळावं.

ताप चांगलाच आला. अभिजीत ऑफिसच्या कामाला पुण्याला गेलेला. त्यानं तिकडून माझ्या आईला फोन केला आणि ती रातोरात निपाणीहून बसनं आली, पिशवीत ज्वारीचं पीठ आणि शेंगांची चटणी घेऊन. मी अंगावर पांघरूण ओढून पडले होते. अंबाडा सुटला, घामानं भिजला, उशीवर घासला, परत वाळला. मी हात लावला नाही आणि आईलाही लावू दिला नाही. कसाबसा पेजेचा घोट घ्यायचा आणि परत झोपायचं, असे दिवस गेले.

ताप उतरला त्या सकाळी आई म्हणाली, "ऊठ, जरा केस विंचरतो. भुतावानी दिसालीस." आमच्याकडच्या बायका 'विंचरते' म्हणत नाहीत, 'विंचरतो'च म्हणतात. लग्नानंतर मी ते सोडलं, आईनं का सोडावं? मी पलंगाच्या कडेला बसले. तिनं वरून फणी घातली, खाली आणली आणि माझ्या मानेपाशी तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"काय न्हाई. पड तू."

तिनं फणी बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. अशक्तपणा होताच, मी लवंडले ती झोपूनच गेले. जाग आली ती उदाच्या वासानं. मानेला काहीतरी कोरडं, भुरभुरीत लागत होतं. हात लावला तर बोटं पिवळी झाली, मग लाल. कुणीतरी माझ्या केसांत हळदकुंकू वाहिलं होतं.

आई खाली फरशीवर बसली होती. डोक्यावर पदर, हात जोडलेले. ती माझ्या चेहऱ्याकडं बघतच नव्हती. माझ्या मानेमागं बघत होती.

"आई, हे काय?"

"हात लावू नगंस," ती हळूच म्हणाली. "जट आलीया."

आमच्या सीमाभागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. केसांचा गुंता होऊन त्याचा घट्ट वळ झाला की ती जट. ती देवीनं केलेली खूण, असं मानतात. तिला फणी लावायची नाही, कात्री तर मुळीच नाही. लावली तर घरावर कोप होतो. आणि पोरीच्या डोक्यात जट आली तर ती पोरगी सौंदत्तीच्या यल्लम्माची. पूर्वी अशा पोरींना जोगतीण करून देवीला सोडायचे. आता कायदा आहे, शिक्षा आहे, आणि तरीही आई फरशीवर हात जोडून बसली होती.

मला भीती वाटली नाही. लाज वाटली. मानेपासून कानापर्यंत तापासारखी चढत गेलेली लाज. मी, काचेच्या इमारतीत बसून दहा जणांच्या कामावर शेरे मारणारी बाई, डोक्यात हळदकुंकू घालून आणि पुढं उदबत्ती घेऊन बसले होते. हे कुणी बघितलं तर? आधी केस बघतील, मग हळद बघतील, मग माझ्या आईला बघतील. स्कार्फ कुठं आहे ते बघायला मी उठले आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली.

आईनं दार उघडलं. सासूबाई होत्या. जयनगरहून दोन मेट्रो बदलून आल्या होत्या, हातात मऊ भाताचा डबा, मेतकुटाची बाटली आणि शहाळं. माझे सासरे पद्माकर सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, तेव्हापासून हे कुटुंब बेंगळुरूत. सासूबाईंचं मराठी अजून सदाशिव पेठेतलं, पण प्रत्येक वाक्याला कन्नड 'सरी'चा, म्हणजे 'बरं'चा, टेकू लागतो.

"सरी, कसं आहे आता पेशंटचं?" असं म्हणत त्या आत आल्या आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"अगंबाई! हे काय गं? तुझे केस?"

त्यांनी जवळ येऊन वरच्या वळणांना हात लावला, मग खालच्या सरळ शेपटांना. बाई हुशार आहेत. त्यांना समजायला वेळ लागला नाही. चेहऱ्यावरूनच कळलं मला. पण त्या त्यावर बोलायच्या आत त्यांच्या हाताला पिवळं लागलं.

"आणि ही हळद कसली?"

"जट आलीया, विहीणबाई," आई म्हणाली. एका पोक्त बाईनं दुसऱ्या पोक्त बाईला अडचण सांगावी तसं. "तापात आली. आता काय करायचं, तुमीच सांगा. तुमी मोठ्या हायसा."

सासूबाईंनी पिवळी बोटं रुमालाला पुसली. मग त्यांच्यातली महिला मंडळात समाजसेवा करणारी बाई जागी झाली. "अहो, असं काही नसतं हो. गुंता आहे तो. आमच्या मंडळात एका बाईंनी यावर व्याख्यान दिलं होतं. घाबरायचं काय त्यात? मी आत्ता काढून टाकते." आणि त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेऊन आल्या. "रंजिता, मान खाली कर बघू."

मी मान खाली केली. खरंच केली. सुटका होत होती ना माझी.

तेवढ्यात आई खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच, आणि तिनं सासूबाईंचे दोन्ही पाय धरले.

"पाया पडतो विहीणबाई, कात्री लावू नगासा. पदर पसरतो. एकच लेक हाय मला."

सासूबाई कात्री वर धरून मागं सरकल्या. आई त्यांच्याबरोबर फरशीवरून सरकली. लग्नात वरमाईचे पाय धुवायची वेळ आली तेव्हा याच सासूबाईंनी पाय मागं घेऊन आईला मिठी मारली होती, आणि मला केवढा अभिमान वाटला होता. आणि आता माझी आई, माझ्या फ्लॅटमध्ये, माझ्या सोफ्यासमोर, त्यांच्या पायावर डोकं ठेवून पडली होती, का तर माझ्या केसांसाठी.

"आई, ऊठ!" मी ओरडले. "लाज आणू नकोस मला! अहो आई, तुम्ही लक्ष देऊ नका तिच्याकडं. गावाकडची आहे. अडाणी आहे ती."

आणि मी हसले. आपण दोघी शिकलेल्या, आपल्याला कळतं, असं सासूबाईंना दाखवणारं हसू. ते मला ऐकू आलं आणि तरीही मी ते पुरतं हसून घेतलं.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी कात्री टीपॉयवर ठेवली, वाकून आईला दंडाला धरून उठवलं आणि मला म्हणाल्या, "आईला असं बोलू नये गं." माझं तोंड काळंठिक्कर पडलं असणार. आई पदरानं तोंड पुसत "चहा टाकतो," म्हणून आत निघून गेली.

चहा झाला. निघताना दारात चप्पल घालता घालता सासूबाईंनी विचारलं, "अभिजीतला माहीत होतं केसांचं?"

"हो. आता आता."

"सरी," त्या म्हणाल्या. मग जिन्याकडं बघत, "मला सांगायचं होतंस. मी सगळीकडं सांगत फिरले, आमच्या सुनेचे केस असे, आमच्या सुनेचे केस तसे." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना वाईट वाटलं होतं.

दार लावलं. आत आई कपबशा घासत होती. त्या घासून झाल्यावर तिनं परत घासायला घेतल्या. मला तिचा राग आला, सासूबाईंचा आला, पार्लरमधल्या त्या मुलीचा आला. स्वतःचा यायला हवा होता, पण तो सगळ्यात शेवटी येतो. मी टीपॉयवरची कात्री उचलली, बाथरूममध्ये गेले आणि कडी लावली.

आरशात मानेमागचं दिसत नाही. मी हातानं चाचपलं. अंगठ्याएवढा जाड, काथ्यासारखा घट्ट वळ होता. कात्रीत धरला.

दार वाजलं नाही. मला वाटलं होतं ती दार बडवेल, रडेल, मग मला आणखी ओरडता येईल. त्याऐवजी दाराला पाठ लावून कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला.

"रंजी," आई म्हणाली. "तुला मावशी हुती, ठावं हाय तुला?"

"कुठली मावशी? मला मामाच आहेत."

"हुती एक. सोनी. माझ्याहून ल्हान."

तीस वर्षांत हे नाव मी आमच्या घरात ऐकलं नव्हतं. मी कात्री तशीच धरून उभी राहिले.

"तिचं केस तुझ्यावानी. बोट घातलं तर अडकायचं. अशीच तापात पडली. आमची आई वखारीत तंबाखू निवडाया जायाची, कोन बघनार तिच्याकडं? उठून बसली तवा मागं जट. शेजारनीनं बघितलं आन् भंडारा लावला. सगळी गल्ली गोळा झाली. एकदा भंडारा लागल्यावर कोन हात लावतंय? आईबी न्हाई, दादाबी न्हाई. सगळी पाया पडाया लागली तिच्या. सोनी हसायची, मोठी मानसं पाया पडत्यात म्हनून. मग पौर्णिमेला सौंदत्तीला नेली. गळ्यात मनी बांधलं, हातात परडी दिली. जोगवा मागाया आमच्याच दारात आली एकदा, आन् आईनं तिला पीठ वाढलं."

"मग?"

"मग काय. वयात आली. मुंबैला नेली कुनी. कुटं, कुनी, आमाला पत्त्या न्हाई. कुनी इचारलं बी न्हाई."

मग ती म्हणाली, "तू झालीस, तुझं जावळ वाढलं आन् त्याला वळ पडाया लागलं, तवा मला सोनीच दिसाया लागली. तुझ्या केसाला मी कधी वस्तीला गुंता ठेवला न्हाई, रंजी. कुनाच्या नजरंला पडाया नगो. तू ते पार्लरात जाऊन सरळ करून आलीस, त्या राती मी पैल्यांदा नीट झोपलो."

त्या ताणलेल्या वेण्या. माझे भरून येणारे डोळे, माझ्या मनातल्या शिव्या. ती मला रोज सकाळी गुडघ्यांत धरून राखत होती आणि मी समजत होते, तिला माझी लाज वाटते. लाज वाटत होती ती मला तिची, तासाभरापूर्वी, दुसऱ्या बाईसमोर, मोठ्यानं.

मी कडी काढली. ती फरशीवरच होती. माझ्या हातातल्या कात्रीकडं बघून म्हणाली, "कापायचं आसंल तर काप. मी न्हाई आडवत. तुझं शिक्षान झालंय, तुला म्हाईत. मला निस्तं भ्या वाटतंय, त्याला काय करू?"

"मग तू सांग काय करायचं."

तिनं पदर कमरेला खोचला. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"कापू नगो. मी सोडवतो. माझ्या हातानं. फनी लावल्याचा कोप झाला तर मला होईल, तुला न्हाई. माझं काय आता राह्यलंय?"

कात्री लावणाऱ्या सासूबाईंना काही भीती नव्हती. त्यांच्या लेखी तो गुंता होता. माझ्या आईच्या लेखी ती देवी होती, आणि तरी ती म्हणत होती, मी सोडवतो. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. पडायला तोंड कुठं होतं मला?

बाल्कनीत ऊन आलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि मी तिच्या पायांपाशी खाली, पाठ तिच्याकडं करून. मी माझी कंडिशनरची बाटली दिली, मोठ्या दातांचा कंगवा दिला. "खालून वर यायचं, वरून ओढायचं नाही, टोकाकडून थोडं थोडं..." मी सांगायला लागले.

"मला शिकवतीस व्हय?" ती म्हणाली आणि खोबरेल ओतलं.

सुरुवात मात्र तिच्याकडून होईना. तिचे हात माझ्या मानेवर आले, परत गेले. पुटपुटत होती. "आई यल्लम्मा, लेकरू माझं हाय, चूकबी माझीच धर." मग तिनं बोट घातलं. जट सगळ्यात घट्ट होती ती बरोबर त्या सांध्यावर, कुरळं आणि सरळ जिथं भेटतं तिथं. केस तुटत होते, मानेला ओढ बसत होती. मी हूं का चूं केलं नाही. हळदीनं तेल पिवळं होऊन माझ्या पाठीवरून ओघळत होतं. खाली सोसायटीत कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत राहिला होता आणि वॉचमन कन्नडमध्ये भांडत होता. आत फोन वाजला, अभिजीतचा असणार. आम्ही दोघी उठलो नाही.

"आई," मी म्हटलं, "मघाशी मी त्यांच्यासमोर जे बोलले..."

"गप बस. तेल डोळ्यात जाईल."

तिनं मला माफीसुद्धा मागू दिली नाही. रागानं नव्हे. तिच्या दृष्टीनं त्या वेळी त्याहून मोठं काम चाललं होतं.

हळूहळू वळ सैल झाला. तिनं फणीच्या टोकानं एक फास उकलला, त्यातून दुसरा आपोआप सुटला, मग तिसरा. तिचे हात आता अडखळत नव्हते. वेगानं चालत होते, मी शाळेत असताना चालायचे तसे. शेवटी तिनं कंगवा टाळूपासून खाली ओढला आणि तो कुठंही न अडता बाहेर आला.

"सुटली," आई म्हणाली.

मला इतकं हलकं वाटलं की मी हसून म्हटलं, "बघ! गुंताच होता नुसता. उगाच घाबरलीस." बोलून गेले. मला गप्प बसता येत नाही, हा माझा रोगच आहे.

मी मान वळवली. आई हातातल्या कंगव्याकडं बघत होती. त्यात तुटलेल्या केसांचं एक पुंजकं होतं, तेलानं माखलेलं, पिवळं. तिनं ते चिमटीत धरलं.

"एवडंच?" ती म्हणाली. "दुपारबी न्हाई लागली पुरती."

"आई..."

"म्हंजी सोनीचीबी सुटली असती."

तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारल्यासारखा. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि तिनं हंबरडा फोडला. "सोने, सोने गं माझे," म्हणून ती ऊर बडवायला लागली. इतक्या वर्षांत माझ्या आईला मी असं रडताना पाहिलं नव्हतं, अप्पा गेले तेव्हासुद्धा नाही. तेव्हा लोक होते, रीत होती, कुणी रडायचं आणि कुणी धरायचं ते ठरलेलं होतं. सोनीसाठी कुणी रडलंच नव्हतं, कारण ती मेली नव्हती. तिला वाजतगाजत नेलं होतं. मी तिला धरलं. ती आवरेना.

बेल वाजली. परत वाजली. समोरच्या फ्लॅटमधली, मंड्या जिल्ह्याकडची बाई असणार, तिचं दार आमच्या दारासमोरच आहे. मी तशीच उठले. अर्धे कुरळे, अर्धे सरळ केस पाठीवर मोकळे, तेल गळतंय, गाउनवर हळदीचे ओघळ. स्कार्फ खुर्चीवर पडला होता. मी दार उघडलं. ती बाई होतीच, आणि तिच्यामागं वरच्या मजल्यावरचे दोघं जण. सगळे माझ्याकडं बघत होते.

"काय झालं?" तिनं कन्नडमध्ये विचारलं. "कोण रडतंय?"

"माझी आई," मी म्हटलं. "तिची धाकटी बहीण गेली."

"अय्यो. कधी?"

"आम्हाला आज कळलं," मी म्हणाले, आणि त्यांना आत यायला वाट करून दिली.